कॉलेजातली कुस्ती गुंडाळली तेव्हा

माझ्या वडिलांचे दोन्ही कान चेपलेले आहेत. पैलवानांचे असतात तसे, जाड, सुजल्यासारखे, आतल्या घड्या बुजून गेलेले. त्यामुळे कतारमध्ये, दोह्यातल्या एका परदेशी युनिव्हर्सिटीच्या शाखेत मी नोकरीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात एक धिप्पाड अमेरिकन माणूस खोलीची चावी मागायला माझ्या टेबलासमोर उभा राहिला, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे न बघता कानांकडेच बघत राहिले.

"कुस्ती?" मी इंग्रजीत विचारलं.

तो चमकला. "कसं ओळखलंत?"

"कानांवरून. माझे वडील पैलवान आहेत. सांगलीकडचे."

सांगली त्याला कुठून माहीत असणार! पण त्या दिवसापासून तो माझ्याशी लांबच्या नातेवाइकासारखा वागायला लागला. चावी न्यायला आला की दोन मिनिटं थांबून वडिलांची तब्येत विचारायचा.

ही आशियाई खेळ दोह्यात व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. नवरा वेस्ट बेमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत होता, आम्ही अल अझीझियात राहायचो, मुलगी इंग्रजी शाळेत जायला लागली होती. दिवसभर घरात बसून मला वेड लागायची पाळी आली होती, म्हणून ही नोकरी धरली. विद्यार्थ्यांच्या खेळांचं, सहलींचं, कार्यक्रमांचं वेळापत्रक सांभाळायचं. हुद्दा मोठा होता, काम चाव्या सांभाळण्याचं.

कोच, म्हणजे तो अमेरिकन, तिथे आरोग्य आणि व्यायाम हा विषय शिकवायचा. कुस्ती त्याने स्वतःहून सुरू केलेली. जिमच्या बाजूला एक लांबट खोली रिकामी होती. तिथे त्याने निळी गादी अंथरून घेतली आणि संध्याकाळचे तास संपले की मुलांना खेळवायला लागला. दहा-बारा मुलं यायची. त्यांचा कॅप्टन दोह्यातच वाढलेला एक सुदानी मुलगा होता, काटक, कॉम्प्युटरचं शिकणारा. आणि एक कतारी मुलगा होता, मूळचा पार उत्तर टोकाच्या अल रुवैस बंदराचा. त्याच्या घराण्यात पूर्वी मासेमारीच्या होड्या होत्या. हा मुलगा अंगाने जाड आणि कमालीचा लाजरा. गाडी दारात सोडायची, गाडी दारातून न्यायची, मधल्या वेळात कॅन्टीनमध्ये एका कोपऱ्यात एकटा बसून असायचा. त्याला कॅप्टनने एक दिवस हाताला धरून त्या खोलीत आणलं. वर्षभरात त्या दोघांना वेगळं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. कुस्तीत समोरच्याची मान धरावी लागते, घाम अंगाला लागतो, मग लाजायला फार जागा उरत नाही.

आबा, माझे वडील, एका हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर आले होते. त्यांना मॉल दाखवले, समुद्रकाठचा कॉर्निश रस्ता दाखवला, पण त्यांचं मन कशातच नव्हतं. शेवटी त्यांना कॉलेजात नेलं. दारातून गादी बघूनच त्यांनी नाक मुरडलं.

"हिच्यावर कुस्ती? ही तर झोपायची गादी, बाई."

"आबा, हल्ली सगळीकडं अशीच असते."

"माती न्हाई म्हंजे काय न्हाई," असं म्हणत त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत जाताना वाकून त्या निळ्या गादीला हात लावला, तो कपाळाला लावला. मग भिंतीला टेकून बघत बसले. थोड्या वेळाने मला जवळ बोलावलं. "त्या काळ्या पोराला सांग. अंगानं वाघ हाय, पन कोपर उघडं टाकतोय."

मी कोचला सांगितलं. तो इतका हसला की त्याला शिट्टी तोंडातून काढावी लागली. "गेला महिनाभर मी दुसरं काय ओरडतोय?" त्या संध्याकाळी ते दोघे शेजारी बसून मुलांना ओरडत होते, एक इंग्रजीत आणि एक आमच्याकडच्या मराठीत, आणि मुलांना दोघांचंही कळत होतं. आबा परत गावाला गेल्यावरही फोनवर आधी पोरांची चौकशी करायचे, मग नातीची.

तर हे असं बरं चाललेलं होतं. मग आमच्याकडे नवीन डायरेक्टर आले.

ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. वाढदिवसाला केक आणायचे, नाव लक्षात ठेवायचे. पण त्यांना 'पार्टनरशिप' या शब्दाचं वेड होतं. कुठलीही गोष्ट नुसती झाली तर ती त्यांना पुरेशी झाल्यासारखी वाटायचीच नाही. तिच्यामागे कुठल्यातरी कंपनीचं नाव हवं. त्यांनी शोधून शोधून वेस्ट बेमध्ये टॉवर बांधणारी एक कंपनी गाठली. ती कंपनी विद्यार्थ्यांचे सगळे खेळ 'प्रायोजित' करणार होती. कंपनीतर्फे जो मार्केटिंग मॅनेजर आला, तो निघाला ठाण्याचा. माझ्या आडनावाची पाटी बघून एकदम म्हणाला, "अरे वा, ताई, तुम्ही आपल्यातल्या!"

मला खरंच आनंद झाला. वाटलं, हा आपला माणूस, याला कुस्ती समजावून सांगावी लागणार नाही. मी त्याला उत्साहाने ती खोली दाखवली. मुलं सराव करत होती. तो दारातच उभा राहिला, बूट काढावे लागतील म्हणून आत आलाच नाही.

"ताई, छान आहे हो. पण प्रॉब्लेम असा आहे की कुस्ती दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? समोर तर चाललीय."

"म्हणजे फोटोत दिसत नाही. दोन माणसं एकमेकांत अडकलेली. चेहरे खाली. टीशर्ट नाही, मग लोगो कुठे टाकायचा?"

मी म्हटलं, "लोगोसाठी कुस्ती खेळतात का?"

"तसं नाही हो, ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण कंपनीला काहीतरी परत मिळायला नको का?"

कंपनीला परत मिळावं म्हणून मग गादीवर स्टिकर लावायचं ठरलं. त्या महिन्यात शेजारच्या देशातून एका कॉलेजची मुलं कुस्ती खेळायला येणार होती, आमच्या मुलांची पहिलीच बाहेरच्यांबरोबरची स्पर्धा. कंपनीने एक भलामोठा गोल चकचकीत स्टिकर छापून पाठवला, त्यावर टॉवरचं चित्र आणि कंपनीचं नाव. तो बरोबर गादीच्या मध्यावर लावायचा होता.

कोच म्हणाला, "पाय घसरेल."

मार्केटिंगवाला म्हणाला, "प्रीमियम क्वालिटी आहे."

कोच मला म्हणाला, "तुम्ही तरी सांगा त्याला."

मी मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, डायरेक्टरांना इंग्रजीत सांगितलं. डायरेक्टर म्हणाले, एकदा करून बघू या. आणि स्टिकर लागला.

पहिल्याच कुस्तीत पाहुण्यांचा एक मुलगा त्या चकचकीत कागदावरून सटकला आणि गुडघ्यावर आपटला. नशिबाने फार लागलं नाही. दुसऱ्या कुस्तीपर्यंत घामाने कडा सुटायला लागल्या. कॅप्टनची कुस्ती आली तेव्हा तर अर्धा टॉवर वर आलेला होता. कॅप्टन सुंदर खेळला, त्याचं कोपर अजिबात उघडं पडलं नाही. खाली गेला, फिरून वर आला आणि समोरच्याला चीत केलं. खोलीत जो आरडाओरडा झाला तो आठवला की अजून अंगावर काटा येतो. पंचाने त्याचा हात वर केला आणि तो वळला, तर त्याच्या पाठीला कंपनीचं फाटकं नाव उलटं चिकटलेलं.

मुलं हसून लोळायला लागली. कतारी मुलगा पुढे झाला आणि त्याने ते हळूच सोलून काढलं, आंबेहळदीचा वाळलेला लेप सोलावा तसं. मला वाटलं, चला, निदान एकदाचा विषय संपला. कसला संपतोय! दुसऱ्या दिवशी मार्केटिंगवाल्याचा फोन.

"ताई, एकही फोटो वापरता येत नाहीये. लोगो उलटा आहे आणि फाटलेला आहे. वरून मोठे साहेब चिडलेत."

"अहो, आमचा मुलगा जिंकला."

"हो, हो, अभिनंदन. पण फोटो?"

त्यानंतर महिनाभरात मीटिंग लागली. मी टिपणं घ्यायला बसले होते. डायरेक्टरांनी भिंतीवर चित्रं दाखवली. पुढच्या वर्षी फाइव्ह-अ-साइड, म्हणजे पाच-पाच जणांच्या, फुटबॉलचा कंपनी चषक. कर्मचारी आणि विद्यार्थी मिळून कॉर्निशवर 'वेलनेस वॉक', सगळ्यांना टोप्या आणि टीशर्ट. आणि मग एका चित्राच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरात, कुस्ती 'रिअलाइन' करणार, असं.

मी विचारलं, "रिअलाइन म्हणजे काय लिहू?"

"म्हणजे सध्याच्या स्वरूपात ती चालू राहणार नाही."

"म्हणजे बंद?"

"बंद हा शब्द आपण वापरत नाही आहोत," डायरेक्टर हसून म्हणाले.

 कोच हात मांडीवर ठेवून बसून होता. मला त्याचाही राग आला. शेवटी मीच बोलले. म्हटलं, अख्ख्या शहरात आशियाई खेळांचे फलक लागलेत. माझ्या घरापासून गाडीने जरा पुढे गेलं की खेळांसाठी बांधलेल्या मोठ्या हॉलमध्ये देशोदेशीचे पैलवान कुस्ती खेळायला येणार आहेत. सगळे रस्ते त्यासाठी खणून ठेवलेत, मला रोज ऑफिसला यायला उशीर होतोय. आणि नेमकी ह्याच वर्षी आपण कुस्ती बंद करायची?

डायरेक्टर म्हणाले, "ते एलीट आहे. आपला भर सहभागावर आहे."

"मग ही मुलं सहभागच घेतायत की!"

"व्यापक सहभाग," ते म्हणाले.

मार्केटिंगवाला टेबलापलीकडून हळूच मराठीत म्हणाला, "ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका हो." तेव्हा मला त्याच्या समोरचं पाणी त्याच्याच डोक्यावर ओतावंसं वाटलं. आपल्यातला माणूस! आपल्यातल्या माणसाने आपल्याच भाषेत गप्प बसवलं की जास्त झोंबतं.

मीटिंगनंतर मी कोचला गाठलं. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

तो म्हणाला, "मी हे भाषण आधी ऐकलंय." मग कॉफीच्या मशीनशेजारी उभं राहून त्याने सांगितलं. तो स्वतः अमेरिकेत युनिव्हर्सिटीच्या टीममधून खेळला होता, नंतर तिथेच असिस्टंट कोच झाला. एका सकाळी सगळ्या पैलवानांना खोलीत बोलावलं आणि सांगितलं की हा खेळ या वर्षीपासून नाही. पन्नासएक वर्षं चाललेली टीम, दहा मिनिटांत संपली. त्यांच्याकडे एकामागोमाग एक युनिव्हर्सिट्यांनी असंच केलं होतं. दोष मुलींच्या खेळांवर ढकलला, त्यांना जागा द्यायची तर मुलांचं काहीतरी कापावं लागतं म्हणे. "आणि त्याच वर्षी फुटबॉलच्या स्टेडियममध्ये कंपन्यांच्या पाहुण्यांना सामने बघायला काचेच्या खोल्या बांधल्या. मला दोन मुली आहेत. त्यांना सांगू का, की तुमच्यामुळे बाबांची टीम गेली? खोटं आहे ते."

"तेव्हा तुम्ही भांडलात?"

"खूप. पत्रं लिहिली, मोर्चा काढला, टीव्हीवर गेलो. मग कामासाठी इथे आलो. वाटलं, इथे सगळं नवीन उभं राहतंय, इथे कोण कशाला कापेल?" तो हसला, पण मला ते हसणं बघवलं नाही.

मुलं मात्र गप्प बसली नाहीत. सगळे मिळून डीनना भेटायला गेले. डीननी त्यांना कॉफी दिली, खजूर दिले, खूप वेळ ऐकून घेतलं, आणि इन्शाल्ला म्हणाले. बाहेर आल्यावर कॅप्टन मला म्हणाला, "मॅम, ते इतकं चांगलं बोलले, म्हणजे काही होणार नाही." त्या वयात त्याला हे कळलं याचंच मला वाईट वाटलं.

खरं सांगायचं तर माझी एक आशा त्या कतारी मुलावर होती. त्याच्या घरच्यांची मोठमोठ्या लोकांशी ओळख असणार, एक फोन गेला तर सगळं जागच्या जागी येईल. मी आडून आडून विचारलंही. तो लाजून म्हणाला, "वडील म्हणतात, कुस्ती पुरे, अभ्यास कर." खलास.

घरी माझी चिडचिड व्हायची. भांडी आपटायचे, नवऱ्याला टोचून बोलायचे. मुलगी विचारायची, "आई, व्हाय आर यू सो अँग्री?" मी मराठीत सांगत बसायचे, ती इंग्रजीत पुढचा प्रश्न विचारायची. शेवटी म्हणाली, "बट इट्स नॉट इव्हन युवर गेम." तिचंही खरंच होतं. मी आयुष्यात कधी कुस्ती खेळले नव्हते. आमच्याकडे मुलींना तालमीच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. मी बाहेर पायरीवर बसून आतले आवाज ऐकत मोठी झाले. माझ्या आयुष्यातली ही पहिली कुस्तीची खोली, जिची चावी माझ्या हातात होती. हे तिला कसं सांगणार?

आबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी आधी पोरांची चौकशी केली. मग म्हणाले, "आपल्या कॉलेजच्या तालमीचं काय झालं, ठावं हाय नव्हं?" मला माहीत होतं. त्या कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षं मुलं तयार केली होती. संस्थाचालकांनी ती तालीम पाडून तिथे मॅनेजमेंटच्या कोर्सची इमारत बांधली, आणि उद्घाटनाला आबांना फेटा बांधून पहिल्या रांगेत बसवलं.

"तुम्ही काय केलंत तेव्हा?"

"काय करनार? फेटा बांधून बसलो." आणि मग एकदम चढ्या आवाजात, "तू बसू नगंस पन. गादी कुटं हाय ती?"

गादीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर इमारत सांभाळणाऱ्या विभागाने ती गुंडाळून मागच्या आवारात भंगारात ठेवलेली, उन्हात. मी म्हटलं, ही मुलांना द्या. ते म्हणाले, देता येणार नाही, कॉलेजची मालमत्ता आहे. मी म्हटलं, मग आत ठेवा. ते म्हणाले, आत जागा नाही, टाकून द्यायची आहे. मी म्हटलं, टाकणारच आहात तर मुलांना द्या. ते म्हणाले, देता येणार नाही. हे असं आठवडाभर चाललं. शेवटी मी थेट डायरेक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, ती गादी मुलांना मिळाली नाही तर वेलनेस वॉकच्या टोप्या कोण मोजून घेतं ते मी बघतेच. मी आयुष्यात कुठल्या साहेबाला धमकी दिली असेल तर ती एवढीच. त्यांनी मुकाट्याने सही केली.

कतारी मुलाचे एक काका अल रुवैसला राहायचे. बंदराजवळ त्यांची होड्या दुरुस्त करायची जुनी शेड रिकामी पडली होती. वडील नाही म्हणाले, पण काका म्हणाले, आणा. कॉलेजच्या बसचा एक ड्रायव्हर बीडकडचा होता, त्याने ओळखीतून पिकअप मिळवला. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मुलांनी गादी त्यावर चढवली, कॅप्टन आणि दोघे-तिघे तिच्यावरच बसले, आणि आम्ही आमच्या गाडीतून मागोमाग निघालो. नवरा वाटभर म्हणत होता, "पोलिसांनी अडवलं तर काय सांगणार आहेस?" मुलगी मागच्या सीटवरून हात हलवून पोरांना अरबीत 'चला, चला' ओरडत होती, "यल्ला! यल्ला!"

शेडमध्ये मासळीचा आणि डांबराचा वास होता. मुलांनी झाडून काढलं, गादी पसरली. कोच त्याच्या दोन मुलींना घेऊन आला होता. काकांनी माशांचा भात मागवला, स्वतः खुर्ची टाकून बसले, आणि पहिली कुस्ती पुतण्याची लागली, कॅप्टनबरोबर. पुतण्या हरला. काकांनी टाळ्या वाजवल्या आणि अरबीत काहीतरी ओरडले. कॅप्टनने मला भाषांतर करून सांगितलं, "ते म्हणतात, हरला तरी चालेल, पण पुढच्या शुक्रवारी याला पुन्हा आणा." कोचच्या धाकट्या मुलीने माझ्या मुलीला गादीवर ओढलं आणि दोघी खिदळत झटापट करायला लागल्या. मी उठून थांबवायला गेले नाही.

ते शुक्रवार जवळजवळ दोन वर्षं चालले. मग मुलं पास झाली. कॅप्टन नोकरीला दुसऱ्या देशात गेला, कतारी मुलगा सरकारी खात्यात लागला. कोचला कॉलेजने वेलनेस वॉकचं प्रमुखपद दिलं होतं आणि मुलींच्या शाळेसाठी त्याने ते घेतलं. कॉर्निशवर टोपी घालून तो पुढे चालायचा, मागे ऑफिसची माणसं मोबाइलवर बोलत बोलत यायची. एक वर्ष त्याने ते केलं आणि मग घरी, त्याच्या गावातल्या शाळेत कुस्ती शिकवायला निघून गेला. पगार निम्म्याहून कमी असेल. त्याने पाठवलेल्या फोटोत तो मला कॉर्निशवरच्यापेक्षा तरुण दिसला.

आणि त्या कंपनीचं काय? जगभर मंदी आली, टॉवर अर्धवट राहिले, आणि एका सकाळी कळलं की कंपनीला आता खेळांत रस नाही. फुटबॉलचा चषक गेला, टोप्या गेल्या, वॉक गेला. ठाण्याचा तो मॅनेजर दुबईला गेला म्हणे. कुस्तीच्या खोलीत तोवर 'वेलनेस लाउंज' झालेला होता, त्यात रंगीत गाद्यांच्या खुर्च्या मीच मागवल्या होत्या आणि त्यांवर कोणी बसत नव्हतं.

मग डायरेक्टरही बदलले. नवीन साहेबांनी पहिल्याच मीटिंगमध्ये आश्चर्याने विचारलं, "आपल्या मुलांसाठी खेळ असा काहीच कसा नाही? काहीतरी साधं सुचवा. कमी जागेत होणारं, फार सामान न लागणारं, मुलांना एकत्र आणणारं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मीच तिथे जुनी. माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते मी गिळलं. परत पहिल्यापासून सगळं समजावून सांगायची ताकदच नव्हती.

"कॅरम," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं.